आठ वाजताची औषधं

माझा विषय कुणालाच नको असतो. वेळापत्रकात त्याचं नाव 'लेखनपद्धती' असं आहे, आणि तो सक्तीचा आहे म्हणूनच वर्गात माणसं दिसतात. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी कसं सांगायचं, आपलं म्हणणं कुठून सुरू होतं ते कसं दाखवायचं, शेवटी संदर्भांची यादी कशी लावायची, एवढाच तो विषय. सव्वीस वर्षं मी तो शिकवतोय. मी स्वभावानं तिरसट आहे आणि ते लपवायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. वही तपासताना बिनबुडाचं वाक्य दिसलं की समासात 'कुणी म्हटलं?' असं लिहितो. त्यावरून पोरांनी माझं नावच 'कुणीम्हटलं' ठेवलंय. मी जिना चढायला लागलो की वरच्या मजल्यावर 'कुणीम्हटलं आले' अशी कुजबुज होते आणि गलका थांबतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माणसं घाबरली की काम नीट करतात असा माझा समज होता.

सिस्टर माझ्या वर्गात आल्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. बायकांच्या वॉर्डच्या त्या अकरा वर्षं इन्चार्ज. हॉस्पिटलात नवा नियम आला होता: दोन वर्षांत पदवी मिळवा, नाहीतर इन्चार्जची खुर्ची सोडा आणि परत साध्या ड्यूट्या करा. म्हणून हॉस्पिटलनं नऊ जणींना आमच्या कॉलेजात पाठवलं. सकाळची ड्यूटी दोनला संपायची, तीनला माझा तास. आठ जणी दुपारच्या उकाड्यात पेंगायच्या. या मात्र दाराजवळच्या बाकावर ताठ बसून मी बोललेलं सगळं उतरवून घ्यायच्या, मी खोकलो तर तेही लिहितील अशा.

पहिला निबंध दिला तो अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणाऱ्या जखमांवर. सिस्टरांनी चार पानं लिहून आणली. अक्षर छापल्यासारखं. एक शब्द चुकला होता, तो गिरगटला नव्हता, त्यावर एकच सरळ रेघ मारून बाजूला छोटी सही केली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी पूर्ण सही, तारीख आणि वेळ. मला गंमत वाटली. मग मी वाचायला लागलो आणि गंमत संपली, कारण ती चारही पानं पाठ्यपुस्तकातली होती. शब्दच्या शब्द, स्वल्पविरामासकट. पुस्तकात छपाईची एक चूक होती, एक ओळ दोनदा छापली गेली होती. सिस्टरांनी ती ओळसुद्धा दोनदा लिहिली होती.

मला राग आला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आनंद झाला होता. इतकी उघडी चोरी वर्षातून एखादीच सापडते. मी पुस्तकाची आणि सिस्टरांची पानं शेजारी शेजारी लावून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

अशा प्रकरणांसाठी कॉलेजात तीन जणांची समिती असते: प्राचार्य, ग्रंथपाल आणि ज्याचा विषय तो शिक्षक. दोष सिद्ध झाला तर नाव कमी करायचं आणि ज्यांनी विद्यार्थी पाठवला त्यांना कारणासकट पत्र धाडायचं. म्हणजे सिस्टरांची पदवी गेली, खुर्ची गेली, आणि हॉस्पिटलच्या फाइलीत नावापुढे 'चोरी' लागली ती कायमची.

त्या ड्यूटीवरून थेट आल्या, गणवेशातच. प्राचार्यांनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. उजवा हात कापत होता म्हणून त्यांनी तो डाव्या हातात घट्ट धरला होता. बावीस वर्षं माणसांच्या शिरेत सुई घालणारा हात कापताना मी पाहत होतो आणि मला काही वाटत नव्हतं, हे लिहायला आज लाज वाटते.

"ही सही तुमची?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो, सर."

"मजकूर पुस्तकातला आहे. मान्य आहे?"

"हो, सर. एक अक्षर बदललेलं नाही." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू आम्ही नेमकं तेच तपासायला बसलोय. आमचे तिघांचे चेहरे पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "बदलायचं होतं का, सर?"

मग हळूहळू, अडखळत, त्यांनी सांगितलं. वॉर्डात डॉक्टर कागदावर औषध लिहितात. सिस्टर ते आपल्या नोंदवहीत उतरवतात. उतरवताना शब्द बदलायचा नाही, अर्धी गोळी म्हणजे अर्धी गोळी, स्वतःच्या भाषेत काही लिहायचं नाही. एका नव्या मुलीनं एकदा सोपं करून लिहिलं होतं आणि एका म्हातारबाईंना दुप्पट औषध गेलं होतं. "खाली सही असते ती मी जसंच्या तसं उतरवलं याची असते, सर. हे मी सांगितलं असा तिचा अर्थ नसतो. सांगणारे डॉक्टर असतात, ते सगळ्यांना माहीतच असतं. मला वाटलं, पुस्तकाचंही सगळ्यांना माहीत असणार. तुम्हीच तर लावलंय ते पुस्तक."

ग्रंथपालबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला, जो अजिबात मळलेला नव्हता. शेवटी ठरलं ते असं, की नाव आत्ता कमी करायचं नाही. वर्षाअखेरीस प्रत्येकाला एक लघुप्रबंध द्यावाच लागतो. सिस्टरांचा लघुप्रबंध स्वतःचा निघाला तर प्रकरण मिटलं, नाहीतर पत्र जाईल. आणि तो लिहायला शिकवायचं माझ्याकडे आलं.

जाताना त्या दारात थांबल्या. "पत्रात नक्की काय लिहाल, सर?"

"नक्कल केली, असं."

"आमच्याकडे त्याला चोरीच वाचतील," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दर मंगळवारी तीन वाजता, स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आमचं सुरू झालं. मी सांगितलं ते साधं होतं. दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणात घाला आणि नाव द्या. दुसऱ्याचा विचार तुमच्या शब्दांत सांगितला तरी नाव द्या. उरलं ते तुमचं, ते बेधडक स्वतःचं म्हणून लिहा. पहिल्या दोन गोष्टी त्या दोन आठवड्यांत शिकल्या. तिसरीपाशी गाडी जी अडली ती अडलीच.

त्यांना 'मी' लिहिताच येईना. 'असे आढळते', 'असे दिसून येते', 'असे मानले जाते'. मी विचारायचो, "कुणाला आढळतं?" त्या विचार करून म्हणायच्या, "वॉर्डला." एकदा मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. मी हसलो म्हणजे काहीतरी चुकलं अशा नजरेनं त्यांनी वही ओढून घेतली आणि वाक्यावर सरळ रेघ मारली.

पुढच्या मंगळवारी पाच पानं आणली. पाच पानांत एकसष्ट संदर्भ. तापात पाणी जास्त पाजावं, याला संदर्भ. रात्री झोप लागली तर रुग्णाला बरं वाटतं, यालाही संदर्भ, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांकासकट. मी म्हटलं, "सिस्टर, हे तर माझी आजीसुद्धा सांगायची."

"आजींचं नाव घालू का मग?" त्यांनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांचं पेन तयार होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई शिकत नाहीये, घाबरतेय. आपण लिहिलेला प्रत्येक शब्द कुणाचा तरी असेल, तो मालक कुठून तरी उठून येईल, बोट दाखवेल, आणि आपण पुन्हा त्या खोलीत उभ्या असू, हे भय त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. ते मीच बसवलं होतं. पण कळलं म्हणून मी लगेच सुधारलो असं काही झालं नाही. 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून मी वही परत दिली.

मग एके दिवशी सकाळी त्यांचे यजमान कॉलेजात आले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा माणूस. हातातली हत्यारांची पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, शेवटी मांडीवरच घेऊन बसले.

"सर, हिला न सांगता आलोय," ते म्हणाले. "ही लिहीत नाही हो."

"मंगळवारी पाच पानं आणली होती की."

"ते तुमच्यासाठी. घरात लिहीत नाही. सामानाची यादी आता मुलगी लिहिते. परवा हिच्या बहिणीला पत्र पाठवायचं होतं, तर दोन ओळी लिहिल्या आणि फाडून टाकल्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, अहो, 'आम्ही सगळे मजेत' हे वाक्य सगळेच लिहितात, ते माझं कसं म्हणू?" ते जरा हसले, आणि मग हसू एकदम मावळलं. "जेवताना मध्येच हात थांबतो तिचा. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, सर, वर आठ मजल्यांची लिफ्ट लटकत असते. मला भीती माहीत आहे. पण मी काम संपलं की वर येतो. ही वर येतच नाहीये."

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले, पिशवी उचलून निघाले. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या मंगळवारी मी टेबलावरचं पेन खणात टाकलं आणि म्हटलं, "आज लिहायचं नाही. नुसतं बोलायचं. कुठल्याही पुस्तकात नाही आणि तुम्हाला पक्कं माहीत आहे, असं काहीतरी सांगा."

त्या म्हणाल्या, "असं काय असणार, सर."

"सकाळी वॉर्डात गेल्या गेल्या काय करता? तिथून सांगा."

आणि त्या सांगायला लागल्या. सकाळची औषधं आठची. वॉर्डात चौतीस खाटा, सिस्टर दोन. आठला ट्रॉली निघते. एकीला उठवून बसवायचं, दुसरीला गोळी चुरून द्यायची, तिसरी म्हणते आधी संडासला न्या. ट्रॉली शेवटच्या खाटेला पोचते तेव्हा साडेनऊ, कधी पावणेदहा. "पण वहीत सगळ्यांपुढे आठच लिहितो," त्या अगदी सहज म्हणाल्या. "रकानाच आठचा छापलेला आहे. माझ्या आधीच्यांनी तेच लिहिलं, त्यांच्या आधीच्यांनीही."

"आणि त्यानं काही बिघडत नाही?"

आता त्यांनी आवाज खाली आणला. दोन वर्षांपूर्वी एकतीस नंबरला साखरेच्या आजाराची बाई होती. तिला इन्सुलिन मिळालं साडेनऊला, नाश्ता झाल्यावर. वहीत आठ. दहाच्या फेरीला मोठे डॉक्टर आले, रक्तातली साखर जास्त दिसली, वही पाहिली, म्हणाले दोन तास होऊनही उतरत नाही म्हणजे डोस कमी पडतोय. वाढवला. दुसऱ्या दिवशी ट्रॉली नेमकी त्या बाजूनं निघाली आणि वाढलेला डोस वेळेवर गेला. अर्ध्या तासात बाईचं अंग थंड पडलं, घामानं चादर भिजली, डोळे फिरले. शिरेतून साखर दिली तेव्हा हाक मारल्यावर ओ दिली तिनं. "वाचली. पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. डॉक्टरांची चूक नव्हती, सर. त्यांनी वहीवर विश्वास ठेवला. आणि वहीत सही माझी होती."

मी खुर्चीत पुढे सरकलो. सव्वीस वर्षांत एवढं अस्सल काही माझ्या टेबलावर आलं नव्हतं. "हाच तुमचा लघुप्रबंध," मी म्हटलं. "रोज प्रत्येक खाटेला औषध खरं किती वाजता मिळतं ते भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजा. चौदा सकाळी मोजा. वहीतली वेळ एका बाजूला, खरी वेळ दुसऱ्या बाजूला. मग कुणाच्या बापाची हिंमत नाही तुम्हाला नक्कल म्हणायची."

"हे लिहायचं नसतं, सर."

"का?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"पुस्तकात आहे?"

"नाही."

"मग लिहा," मी म्हटलं. हा शब्द माझा. इथे मुद्दाम माझ्या नावावर लिहून ठेवतो.

त्यांनी चौदा सकाळी मोजल्या. एप्रनच्या खिशात छोटी वही ठेवायच्या आणि कुणी आलं की ती आत सरकवायच्या. दर मंगळवारी आकडे घेऊन यायच्या आणि मला दाखवताना आधी दाराकडे पाहायच्या. बरोबरच्या सिस्टरनं एकदा विचारलं होतं, "काय गं, कसल्या वेळा लिहितेस?" तेव्हा वही खिशात सरकवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, पण लिहिणं सोडलं नाही. सरासरी निघाली एक तास अकरा मिनिटं उशीर. सर्वांत जास्त एकतीस ते चौतीस नंबरच्या खाटांना, कारण त्या दारापासून लांब.

लघुप्रबंध पूर्ण झाला तेव्हा अठ्ठावीस पानं होती. संदर्भ तेवीस, प्रत्येक जागच्या जागी. पानांवर सह्या नाहीत. आणि एकविसाव्या पानावर, मी पाच महिने ज्याची वाट पाहत होतो ते: 'बावीस वर्षे मी औषधांची वेळ आठ अशी लिहीत आले. ती खरी नव्हती. एका रुग्णाला त्यामुळे इजा झाली आणि ती नोंद मी केली होती.'

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा शिक्षक म्हणून अभिमान वाटला. दुसऱ्यांदा माणूस म्हणून गलबलून आलं. तिसऱ्यांदा वाचताना मला आठवलं, की पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधाची एक प्रत हॉस्पिटलला जाते. मार्गदर्शक म्हणून पहिल्या पानावर माझं नाव असतं. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी साडेतीनला मी त्यांना बोलावून घेतलं. "ही तीन वाक्यं काढू," मी म्हटलं. "म्हणजे तसं नाही, जरा मऊ करू. 'काही रुग्णालयांत औषधांच्या नोंदीत तफावत आढळते' असं काहीतरी."

"कुणाला आढळते, सर?"

"अहो, तेवढं चालतं."

"तुम्ही समासात लिहाल."

"नाही लिहिणार."

त्यांनी पानं स्वतःकडे घेतली आणि एकविसावं पान वर काढून ठेवलं. "मला भीती वाटते, सर," त्या म्हणाल्या. "काल मुलीला म्हटलं, माझी खुर्ची जाणार बहुतेक. पण ही वाक्यं काढली तर उरलेलं सगळं पुस्तकातलं आणि घड्याळातलंच आहे. मग मी परत तिथेच आले. ही तीन वाक्यं सोडून माझं यात काय आहे?"

शुक्रवारी त्यांनी लघुप्रबंध कार्यालयात जमा केला. ती तीन वाक्यं होती तशीच होती. मी त्याला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. कॉलेजच्या बाजूनं प्रकरण मिटलं, तसं प्राचार्यांनी फाइलीवर लिहिलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. चौकशी बसली होती. चौकशी होईपर्यंत सिस्टरांना वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं होतं, धुऊन आलेल्या चादरी मोजायला. बाकीच्या आठ जणी वर्गात त्यांच्यापासून दोन बाक सोडून बसायला लागल्या होत्या. त्यांच्याही सह्या त्याच रकान्यात होत्या, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पत्रात माझं नाव होतं. मार्गदर्शकांनी समक्ष हजर राहावं.

ती खोली आमच्या समितीच्या खोलीसारखीच होती. लांब टेबल, पलीकडे चार माणसं, पाण्याचे झाकलेले ग्लास. अलीकडे दोन खुर्च्या, एक सिस्टरांची, एक माझी. मी इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसत आलो होतो. अलीकडून ते टेबल किती रुंद दिसतं ते मला त्या दिवशी समजलं.

अध्यक्ष शांत माणूस होते, त्यांनी आवाज चढवला नाही. आधी सिस्टरांना विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" त्या हो म्हणाल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"सर, प्रश्न सरळ आहे. वॉर्डातल्या वेळा मोजणं हे तुम्ही अभ्यासाचा भाग म्हणून सांगितलं होतं का? तसं असेल तर हा कॉलेजचा अभ्यास होतो. आम्ही तो अहवाल म्हणून घेऊ, नोंदवह्यांची पद्धत सुधारू, आणि कुणा एकीला धरायचा प्रश्न उरत नाही. पण त्यांनी स्वतःच्या मनानं केलं असेल, तर हा एका कर्मचाऱ्याचा कबुलीजबाब आहे. मग आम्हाला कारवाई करावी लागेल."

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर एका अक्षराचं होतं. पण मला पेन्शनचे कागद दिसले, प्राचार्यांचा चेहरा दिसला, कॉलेजच्या नावानं येणारी पुढची पत्रं दिसली. हॉस्पिटलातल्या नोंदी विद्यार्थ्यांकरवी बाहेर काढायला तुम्हाला कुणी सांगितलं, असं कुणीतरी मला विचारणार होतं. कुणी म्हटलं.

"ती वाक्यं काढून टाका, असं मी त्यांना सांगितलं होतं," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. सव्वीस वर्षं मी मुलांना शिकवत आलो, की प्रश्नाला बगल देऊन दिलेलं खरं उत्तर ही सुद्धा लबाडीच असते, त्याचे गुण मी कापतो.

अध्यक्षांनी सिस्टरांना विचारलं, "खरं आहे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या सांगतील. त्या मंगळवारचं सगळं सांगतील, खणात टाकलेल्या पेनापासून. सांगायचा त्यांना हक्क होता, आणि मी आतल्या आत विनवणी करत होतो, सांगा म्हणून की सांगू नका म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "बुधवारी साडेतीनला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि मोजायचं कुणी ठरवलं?"

"मोजलं मी," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत आटोपलं. इन्चार्जपद त्याच दिवसापासून काढून घेतलं. दोन वर्षं पदोन्नती नाही. नोंदवहीच्या रकान्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजूनही आठचाच छापला जातो. मला त्यांनी आभार मानून सोडलं. कॉलेजची भूमिका जबाबदारीची होती, असं अध्यक्ष म्हणाले.

आम्ही दोघं बरोबरच बाहेर आलो. मधल्या लांब मार्गिकेत रुग्णांचे नातेवाईक भिंतीला टेकून उभे होते, एक मावशी फरशी पुसत होती. मी दहा-बारा पावलं चाललो असेन. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, शर्ट पाठीला चिकटला, आणि समोरची फरशी हलायला लागली. सिस्टरांनी माझं कोपर धरलं. मी पडतोय हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. त्यांनी मला बाकावर बसवलं, कॉलरचं बटण सोडलं, मावशीला पाणी आणायला पाठवलं, आणि माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या. त्यांचा हात अजिबात कापत नव्हता.

"सिस्टर," मी म्हटलं, "मोजायला मीच सांगितलं होतं. मी आत जाऊन..."

"बोलू नका, सर," त्या घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या. "आकडा चुकतो."